घड्याळ न बघता करायची घरातली कामं: तुमच्याकडची खूण सांगा

सायसाखर (पुणे)

गेल्या महिन्यात ऑफिसात सजगतेवर दोन तासांचं सत्र झालं. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक मनुका ठेवली. रंग बघा, सुरकुत्या बघा, वास घ्या, कानाशी धरून दाबा, मग सावकाश चावा. हा मनुकेचा पाठ अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९७९ साली सुरू झालेल्या ताणमुक्तीच्या कार्यक्रमातून जगभर गेला. सत्र चांगलं होतं, थट्टा करायची नाही. पण मनुका कानाशी धरली तेव्हा मला फक्त घरचं लोणी आठवत होतं. संध्याकाळी तूप कढवायचं होतं, आणि तूप कढवताना मी नेमकं हेच सगळं करते.

कढायला ठेवलेल्या लोण्याकडे नीट बघितलंय का कधी? लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, घरच्या लोण्यात जरा जास्तच, कितीही धुऊन दाबून काढलं तरी. ते वितळलं की पांढरा फेस येतो आणि पातेलं बडबडायला लागतं. तडतड, चटचट, चांगलं मोठ्याने. हा आवाज पाण्याचा. पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या फार वर चढत नाही, त्यामुळे या टप्प्यात तूप जळायची भीती नाही, खुशाल बाजूला कोथिंबीर निवडत बसा. मग पावसाची सर ओसरावी तसा आवाज बारीक होत जातो. फेस विरतो, मधूनमधून तळ दिसायला लागतो. आवाज जवळजवळ थांबला की मात्र कोथिंबीर खाली ठेवायची. पाणी संपलं, आता तापमान भराभर चढणार आणि तळाची बेरी बघता बघता बदामीची तपकिरी आणि तपकिरीची काळी होणार. वास इथेच बदलतो, आंबूस जाऊन खमंग येतो. मी बेरी फिकी असतानाच गॅस बंद करते, उरलेलं काम जाड बुडाच्या पातेल्याची धग करते. शेवटी विड्याचं पान. ते कुरकुरीत पान कुणी खायचं यावरून आमच्याकडे भांडण ठरलेलं.

याला मिनिटं सांगता येत नाहीत. लोणी किती, त्यात ताक किती राहिलंय, पातेलं कुठलं, आच केवढी, दर वेळी सगळं वेगळं. म्हणजे घड्याळ बाद. कान, डोळे, नाक तिथे हजर पाहिजेत, आणि ते हजर असले की त्यांच्यामागून मीही येते. नुसतं डोळे मिटून बसलं तर माझं मन पाच मिनिटांत सोसायटीच्या मेंटेनन्सवर जातं. तुपापासून ते हलत नाही, कारण ते गेलं तर तूप गेलं.

तर धाग्याचा विषय असा: घरात, बागेत, ओट्यापाशी अशी कुठली कामं आहेत, जी फक्त खुणेवर चालतात? कान, नाक, बोट, तळहात, काहीही. पूर्ण पाककृती नकोत, त्यांचे धागे आहेत. खूण सांगा, आणि ती खूण पटल्यावर बरं वाटतं की नाही तेही सांगा.

---

तीनशिट्ट्या

माझा आयडी बघून हसू नका. आमच्याकडे सगळं शिट्ट्यांवर चालतं, म्हणजे मोजणीवरच. पण पुरणाची डाळ मात्र शिट्ट्यांना दाद देत नाही, जुनी डाळ आणि नवी डाळ यांचा हिशेब वेगळा. नंतर गूळ घालून आटवताना उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं, ही खूण मोडीत निघणं शक्य नाही. हात सोडायचा आणि बघायचं. मी उगाच दोनदा उभं करून बघतो.

---

कुंडीवाले काका (ठाणे)

उत्तम विषय. बागेबद्दल लिहितो, स्वयंपाकघरात मला प्रवेश चहापुरता आहे.

नव्या बागवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, "पाणी किती दिवसांनी घालायचं?" या प्रश्नाला उत्तर नाही. माझ्या गॅलरीत एकाच दिवशी मोगऱ्याची कुंडी कोरडी असते आणि शेजारची अळूची चिकचिकाट. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या पेराने टिचकी मारा. माती कोरडी असेल तर खणखणीत आवाज येतो, ओली असेल तर बद्द. रोज सकाळी चहा घेऊन मी रांगेने टिचक्या मारत जातो, बायको म्हणते डॉक्टरांचा राउंड निघाला. प्लॅस्टिकच्या कुंडीला ही भाषा येत नाही, ती उचलून वजन बघावं लागतं, किंवा सरळ बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. वरची माती सुकलेली दिसते आणि खाली चिखल असतो, आपल्याकडची निम्मी झाडं या फसवणुकीने मरतात. तहानेने कमी, पाण्याने जास्त.

मोगरा हा तर सगळा खुणांचाच मामला. जानेवारीच्या शेवटी मी छाटणी करतो, पानं ओरबाडून काढतो, काही दिवस पाणी तोडतो. झाड अगदी केविलवाणं दिसतं, सोसायटीतल्या बायका हळहळतात. मग शेणखत आणि पाणी. फुटवे आले की त्यांच्या टोकाला कळ्या. आता कळी कधी तोडायची? गजऱ्यासाठी ती संध्याकाळी, पूर्ण पांढरी, टपोरी पण मिटलेली हवी. हिरवट असेल तर फुलत नाही. उमललेली असेल तर वास निम्मा उडून गेलेला. दिवेलागणीच्या सुमारास अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात मी फोन घेत नाही, हे घरच्यांना आता माहीत झालंय.

जाता जाता: कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला तेव्हा सामान्य माणसाने स्वतः बघावं, नोंदवावं आणि त्यातून शिकावं यावर त्यांचा सगळा भर होता. गच्चीवर पालापाचोळ्यात भाजी पिकवायची कल्पना शहरांतल्या कितीतरी जणांपर्यंत त्याच वळणाने आली. आजच्या यूट्यूबवाल्यांना "हे टॉनिक घाला" याच्यापुढे सुचत नाही. असो, नाहीतर मी या विषयावर घसरेन.

---

ऊनसावली (नागपूर)

काका, टिचकीची खूण आत्ताच करून पाहिली. सात कुंड्या खणखणीत निघाल्या. आमचं नागपूरचं ऊन!

माझ्याकडून गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास घर सोडत नाही. चौथ्या दिवशी वाटून, गाळून, सत्त्व रात्रभर खाली बसू द्यायचं आणि वरची निवळ अलगद ओतून टाकायची. इथपर्यंत नुसते कष्ट. मजा पुढे. उकळत्या पाण्यात मीठ, हिंग घालून ते सत्त्व ओतलं की दोन माणसं लागतात, एक ओतायला आणि एक घोटायला. पांढरं शुभ्र असतं ते हळूहळू राखाडी, मग काचेसारखं चकचकीत. झालं की नाही कसं कळतं, तर बोट पाण्यात बुडवून चिकाला लावायचं. चिकटलं नाही तर झालं. बोट भाजतं, तो भाग खुणेतच धरायचा.

कुरडया उन्हात पडायच्या आधी वाटीभर गरम चीक कच्चं तेल घालून खायचा. आमच्या वाड्यात कुरडयांच्या दिवशी न बोलावता पोरं जमायची ती याच्यासाठी. मी अजूनही दर मार्चला थोड्या करते, दोन किलो गव्हाच्या. विकत मिळतात, मान्य आहे. चीक विकत मिळत नाही.

---

माडाखाली (रत्नागिरी)

आमच्याकडे मे महिना म्हणजे नाक आणि बोटं. आंबा अढीत घातला की रोज सकाळी खोलीचं दार उघडायचं आणि आधी नुसतं उभं राहायचं. वास आला नाही तर दार लावून घ्यायचं, पेंढा उसकटायचा नाही. वास आला की मग वरखाली बघायचं, जो देठापाशी बोटाला किंचित नमतो तो बाजूला. पिकलेला आंबा इथिलीन सोडतो आणि शेजाऱ्यालाही पिकवतो. म्हणून डागी आंबा वेळेवर काढला नाही तर सगळी अढी घाईला येते.

फणस ठोकून बघायचा. कच्चा फणस टणटणतो, पिकत आला की आवाज भरीव आणि मऊ होतो, काटे पसरट होतात. आणि नारळ कानाशी धरून हलवायचा. पाण्याचा खळखळाट झाला की तो जुना, खोबरं करायच्या वाटेवर. ही खूण शहरात पण चालते हो, भाजीवाल्यासमोर लाजायचं कशाला.

---

ठिणगी

हलकंच घ्या, पण मला या धाग्याची जरा धास्ती वाटतेय.

माझी आजी जळगावकडची. घरात पंधरा माणसं. तिला या सगळ्या खुणा येत होत्या, तुमच्याहून जास्त येत होत्या. तिला चुलीतल्या लाकडाच्या आवाजावरून ते ओलं की सुकं ते कळायचं, आणि त्या धुराने तिचे डोळे कायम लाल. तिचं घड्याळ बाद नव्हतं, तिला घड्याळच नव्हतं. पहाटे उठून दळण, मग पाणी, मग भाकऱ्या. तिला कुणी विचारलं असतं की आजी, भाकरी थापताना किती सुंदर लय आहे नाही, तर तिने थापटलेलं पीठ त्याच्याच तोंडाला लावलं असतं.

आपल्याला हे 'आनंदाचं' वाटतं कारण गॅस आहे, मिक्सर आहे, नको त्या दिवशी डबा मागवता येतो. तूप बाजारात मिळतं म्हणून तूप कढवणं छंद झालं. ज्या बाईला ते रोज करावंच लागतं आणि वर चूल सारवायची आहे, तिच्यापुढे 'सजग राहा' म्हणणं मला निर्दय वाटतं. गरीब घरांत गॅस पोचवणारी केंद्राची उज्ज्वला योजना आली २०१६ साली. म्हणजे धुरातला स्वयंपाक ही काही आजीच्या काळातली गोष्ट नाही, कालपरवाची आहे, काही घरांत आजची आहे.

---

सायसाखर

ठिणगी, लिहिलंत ते बरं झालं. धाग्यात हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं.

मी एवढंच म्हणेन की कष्ट आणि कसब या एकाच माणसाजवळ असलेल्या दोन गोष्टी आहेत, आणि आपण बऱ्याचदा पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढतो. तुमच्या आजीला ओल्या लाकडाचा आवाज ओळखता येत होता, हे तिचं शिक्षण होतं. तिला पर्याय नव्हता, हा अन्याय होता. अन्याय गेला पाहिजे. शिक्षण का जावं?

आणि मुख्य म्हणजे हे फक्त बायकांनी का शिकायचं? आमच्याकडे लेकाला बेसन भाजायला बसवलंय. बेसनाची खूण हातातली आहे: सुरुवातीला कलथा जड जातो, पीठ तुपाला धरून गोळा होतं, आणि एका टप्प्यावर अचानक हात हलका होतो, सगळं सैल होऊन सरसरायला लागतं. तो कंटाळला, "अजून किती वेळ?" म्हणून तीन वेळा विचारून झालं. हात हलका झाला तेव्हा मात्र त्याने स्वतःहून हाक मारली.

---

ओवीबद्ध

ठिणगी आणि सायसाखर, दोघींच्या मधलं काहीतरी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या, एक लाखाहून अधिक. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. मी अधूनमधून ऐकते. त्यात जात्याचा जाच आहे, सासर आहे, भाऊ येत नाही म्हणून रडणं आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. 'दळण किती छान' असं कुणी गात नाही. पण दळणाशिवाय ओवी सुचत नव्हती, असं त्यातल्या कित्येकजणी सांगतात. जातं बंद झालं, गिरणी आली, सगळ्यांना हायसं वाटलं आणि ओव्या विसरल्या. दोन्ही खरं. मला याचा निकाल लावता येत नाही, मी लावायच्या भानगडीत पडत नाही.

---

ठिणगी

शिक्षण का जावं, हा मुद्दा पटला. बाकी अर्ध्यावर ठाम आहे. लेकाला बसवलंत त्याबद्दल +१.

---

मौनी

मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलंय (ते केंद्र १९७६ पासून चालू आहे), त्यामुळे तुलना आपोआप होते. तिथे शिकवतात की शरीरावर जी संवेदना उठते ती बघा, प्रतिक्रिया देऊ नका. खाज सुटली, सुटू दे. बघ. जाईल.

स्वयंपाकघरात हे केलंत तर दूध उतू जाईल. इथे संवेदना बघायची आणि ताबडतोब उठायचं, हीच सगळी मेख आहे. म्हणून तूप कढवणं म्हणजे ध्यान असं जे लोक लिहितात ते मला पटत नाही. ध्यान वेगळं. हे कारागिराचं लक्ष आहे, सुताराचं असतं तसलं. त्यात आनंद आहे आणि तो कमी प्रतीचा नाही, फक्त वेगळ्या जातीचा आहे. शिबिरातून घरी आल्यावर मी दोन महिने रोज बसत होतो, पुढे सुटलं. इस्त्री मात्र अजून करतो. कॉलरपासून सुरुवात, मग खांदे, मग बाह्या. पाण्याचा हात मारल्यावर कापडातून जी वाफ येते तिच्यावरून इस्त्री किती तापलीय ते कळतं. चुर्र आवाज आला की सुती कपडा घ्या, नुसता हलका श्वास सोडल्यागत आला की टेरिकॉट.

---

अळणी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला आणि वास गेला. चव पण गेलीच, कारण चवीतलं निम्मं काम नाकाचं असतं हे तेव्हा कळलं. बरी झाले, ताप गेला, वास परत येईना. स्वयंपाक करते आहे, समोर फोडणी आहे, आणि काहीच नाही. दूध लागलंय हे मला दिसल्यावर कळायचं. गॅस गळत असेल तर कळणार नाही म्हणून घरात गॅस ओळखणारं यंत्र बसवलं.

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास अर्धा मिनिट, आणि वास येत नसला तरी तो आठवायचा. हा सराव जगभर करतात. मी देव्हाऱ्यासमोर बसून करायचे, सासूबाईंना वाटायचं जप चाललाय. महिनोन् महिने काही नाही. पण तोवर स्वयंपाक तर करायचाच होता, म्हणून मी कानावर आले. सायसाखर यांनी तुपाचा आवाज लिहिलाय ना, तो मी तेव्हा शिकले. कांदा परतताना सुरुवातीला ओला चर्र आवाज असतो, पाणी आटलं की तो कोरडा होतो, तेव्हा कांदा लाल व्हायला लागलेला असतो. मोहरी किती तडतडली म्हणजे संपली, ते कळायला लागलं. भात होत आला की झाकणाखालची खदखद बसते आणि बारीक टिकटिक राहते. आधी हे सगळे आवाज होतेच, मी ऐकत नव्हते.

सगळ्यात आधी परतला तो हिंग. डबा उघडला आणि एकदम आला, तोही नीट नाही, काहीतरी जळल्यासारखा. पण आला. मी डबा घेऊन घरभर फिरले, प्रत्येकाला "हा हिंगच आहे ना?" विचारत.

आता सत्तरेक टक्के येतो. कोथिंबीर अजून साबणासारखी लागते. चालायचंच.

---

तीनशिट्ट्या

अळणी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती उठून हिंगाचा डबा हुंगून आली.

---

ओलीमाती (नाशिक)

अळणीताई, आता मातीचा वास येतो का तुम्हाला? विचारायचं कारण, मी ओल्या कचऱ्याचं खत करते आणि तिथे नाकाशिवाय पान हलत नाही. डबा उघडल्यावर आंबट, उग्र वास आला तर पाणी जास्त झालं, सुका पाला घाला आणि ढवळा. नाकात झोंबणारा, मुतारीसारखा आला तर हिरवा कचरा जास्त, परत सुका पाला. वास काहीच नाही आणि ढीग गार पडलाय, तर थोडं ताक शिंपडा आणि हलवा. आणि खत तयार झालं की पहिल्या पावसाचा वास येतो. तो जिओस्मिनचा. मातीतले जिवाणू ते बनवतात आणि माणसाचं नाक त्याला कमालीचं तिखट असतं, अगदी नाममात्र असलं तरी ओळखतं. केळीची सालं, चहाचा चोथा, वांग्याची देठं टाकलेल्या बादलीतून जूनचा वास येतो आणि मी दर वेळी मूठभर खत घेऊन नवऱ्याच्या नाकाशी धरते. तो दर वेळी मागे सरकतो.

---

अळणी

मातीचा येतो! फार पुसट, पण येतो. खताची बादली मात्र नको बाई. 🙂

---

एकटाजीव (हैदराबाद)

नोकरीसाठी एकटा राहतो. भाकरी शिकतोय, ज्वारीची. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे थापताना कडा फुटतात. व्हिडिओ पाहिले, प्रत्येकजण "पीठ मऊ मळा" म्हणतो. मऊ म्हणजे किती?

---

ऊनसावली

एकटाजीव, आधी पीठ बघा. जुनं असेल तर त्याची विरी गेलेली असते, मग कितीही मळा, कडा फुटणारच. ताजं दळून आणा, थोडंच. पाणी कडकडीत गरम घ्या, त्याने पिठाला धरपकड येते. आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा, तळहाताच्या टाचेने घासून घासून. खूण: सुरुवातीला पीठ परातीला खरखरतं, मग गुळगुळीत सरकायला लागतं. तिथे थांबायचं. थापताना भाकरी परातीत आपोआप गोल फिरली पाहिजे. अडली तर खाली पीठ कमी.

तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवाल ना, ते पाणी सुकत आलं पण अजून ओलसर चकाकी आहे, तेव्हा उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटलीत तर भेगा पडतील आणि वाफ तिथून निघून जाईल, फुगणार नाही.

---

एकटाजीव

ताजं पीठ आणलं. काल चारातली एक फुगली. पूर्ण, चेंडूएवढी. फोटो काढायला फोन शोधेपर्यंत बसली. बाकी तिघींसोबत पिठलं खाल्लं.

---

हिमगौरी (टोरंटो)

सुंदर धागा. आमच्याकडे जानेवारीत बाहेर उणे पंधरा आणि घरात वीस, त्यामुळे दही हे माझं खुणेचं काम. दूध उकळून गार करताना करंगळी बुडवते. दहापर्यंत मोजता आलं आणि बोट काढावंसं वाटलं नाही, पण ऊब जाणवली, की विरजण लावायचं. माझ्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे, त्याने पाहिलं तर ४० ते ४५ अंश निघतात. म्हणजे करंगळी बरोबर आहे. मग ओव्हन बंदच, फक्त आतला दिवा लावून रात्रभर. सकाळी भांडं किंचित तिरकं करायचं, दही कडेपासून एकसंध सुटून आलं तर लागलं. तो क्षण मला दिवसातला सर्वांत आवडता आहे, चहाच्याही आधीचा.

आता अडचण. गेले काही दिवस दह्याला तार येतेय. चमचा उचलला की लांब दोरा. चव बरी आहे, आंबट नाही. काय बिनसलं?

---

माडाखाली

विरजण म्हातारं झालं. बदला.

---

ओलीमाती

माडाखाली यांना अनुमोदन, थोडी भर घालते. तार म्हणजे विरजणातल्या काही जिवाणूंनी साखरेपासून चिकट धागे तयार केले. दही ऊब कमी असताना फार वेळ लागत राहिलं तर हे जास्त होतं. ओव्हनमधल्या दिव्याची ऊब पुरते का, ते रात्री उशिरा एकदा थर्मामीटर घालून बघा. भांडं आणि चमचा उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. चव आणि वास चांगला असेल तर हे दही टाकू नका, कढी करा. फिनलंडमध्ये विली नावाचं दही मुद्दाम तार यावी असंच लावतात. पुढच्या खेपेला मात्र याच दह्याचं विरजण वापरू नका, दुसरीकडून आणा.

---

हिमगौरी

दुसरीकडून कुठून? इथल्या दुकानातल्या दह्याने लागतं, पण त्याला आपली चव नाही. हे विरजण एका मैत्रिणीने दिलं होतं, ती आता कॅलगरीला गेली.

---

बर्फातलीबाई (मिसिसागा)

अहो मी मिसिसागात आहे! माझं दही मुंबईकर मामींकडून आलंय, तार वगैरे काही नाही. शनिवारी या, वाटीभर घेऊन जा. व्यक्तिगत निरोप पाठवते. येताना तुमच्या तारेच्या दह्याची कढी आणा, मला चालेल.